ग्रामीण विकासाचे धोरण आणि सत्तेचे विकेंद्रीकरण : कर्नाटकाचा अनुभव

१९५१ च्या जनगणनेनुसार भारताच्या एकूण लोकसंख्येपैकी सुमारे ८३ टक्के लोक खेड्यांत राहत होते. त्यामुळे नियोजनाच्या अगदी आरंभापासून ग्रामीण विकास हा राष्ट्रीय धोरणाचा महत्त्वाचा भाग राहिला. त्यानंतरच्या सात दशकांत कार्यक्रमांची नावे अनेकदा बदलली, निधी वाढला आणि शासकीय यंत्रणा गावागावांपर्यंत पोहोचली. मात्र एक मूलभूत प्रश्न प्रत्येक टप्प्यावर नव्याने उभा राहिला. गावाच्या विकासाचा निर्णय कोणी घ्यावा? दिल्लीतील मंत्रालयाने, राज्याच्या राजधानीने, जिल्हाधिकाऱ्याने की गावाने निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी?

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी कर्नाटकाचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. राज्याच्या राजधानीत, म्हणजे बंगळुरूच्या विधानसौधात, १९५९, १९८३ आणि १९९३ साली पंचायत राज्याचे तीन वेगवेगळे कायदे झाले. तिन्ही कायद्यांनी या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे दिली. यापैकी १९८३ च्या कायद्याचा अनुभव पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत महत्त्वाचा ठरला. ग्रामीण विकासाच्या धोरणाचा देशव्यापी इतिहास समजून घेताना हा राज्यस्तरीय अनुभव सोबत ठेवल्यास अनेक गोष्टी स्पष्ट होतात.

म्हैसूर संस्थानातील पूर्वपीठिका

आजच्या कर्नाटकाचा दक्षिण भाग स्वातंत्र्यापूर्वी म्हैसूर संस्थानात होता. या संस्थानात १८८१ साली दिवाण रंगाचार्लू यांच्या काळात प्रतिनिधी सभा स्थापन झाली. तिचे अधिकार मर्यादित होते. तरीही संस्थानी प्रदेशात लोकांची गाऱ्हाणी शासनासमोर मांडण्याचे ते एक नियमित व्यासपीठ होते. १९११ साली कृष्णराज वडियार चौथे यांच्या कारकिर्दीत म्हैसूर आर्थिक परिषदेची स्थापना झाली. शेती, शिक्षण तसेच उद्योग व व्यापार अशा तीन विषयांसाठी परिषदेच्या स्वतंत्र समित्या होत्या.

या परिषदेमागे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची प्रेरणा होती. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दीर्घकाळ सेवा केलेल्या आणि खडकवासला धरणावरील स्वयंचलित दरवाजांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या या अभियंत्याने १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचे दिवाणपद भूषविले. त्यांच्या काळात ग्रामसुधारणेची योजना हाती घेण्यात आली. त्यामागील विचार असा होता की, गावाने स्वतः काही वाटा उचलावा आणि शासनाने त्याला साहाय्य करावे. दिशा मात्र दरबार ठरवीत असे. गावाने सहभागी व्हावे, पण अंतिम निर्णय वरच्या पातळीवर राहावा, ही कल्पना स्वातंत्र्यानंतरच्या कार्यक्रमांतही बराच काळ टिकून राहिली.

सामुदायिक विकास कार्यक्रम व बलवंतराय मेहता समिती

स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशातील इटावा येथे १९४८ साली अल्बर्ट मेयर यांच्या मार्गदर्शनाखाली एक प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. तेथील अनुभवाच्या आधारे २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ सामुदायिक विकास प्रकल्पांचा आरंभ झाला. प्रत्येक प्रकल्पात सुमारे ३०० गावे आणि दोन लाख लोकसंख्या होती. पुढील वर्षी, २ ऑक्टोबर १९५३ रोजी, राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. विकास गट, गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक ही आज सर्वपरिचित असलेली प्रशासकीय रचना याच काळात आकाराला आली.

कार्यक्रमाचा हेतू व्यापक होता. शेती, आरोग्य, शिक्षण, रस्ते व ग्रामोद्योग यांचा एकत्रित विचार करून लोकांनी स्वतःच्या प्रयत्नांनी आपले जीवनमान उंचवावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात उद्दिष्टे, वेळापत्रक आणि खर्चाचे शीर्ष वरून ठरत असल्याने लोकांचा सहभाग श्रमदानापुरता मर्यादित राहिला. शासकीय कार्यक्रमात जनतेने सहभागी व्हावे, या अपेक्षेचे रूपांतर जनतेच्या कार्यक्रमाला शासनाने साहाय्य करावे, या स्थितीत झाले नाही.

या कार्यक्रमाच्या परीक्षणासाठी जानेवारी १९५७ मध्ये बलवंतराय मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये समितीने अहवाल सादर केला. लोकशाही विकेंद्रीकरण हे सूत्र मांडून समितीने त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली. गट पातळीवरील पंचायत समिती हे मुख्य कार्यकारी केंद्र असावे आणि जिल्हा परिषदेने सल्लागार व देखरेखीची भूमिका बजवावी, असे समितीचे मत होते. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातील नागौर येथे पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते पंचायत राज्याचा शुभारंभ झाला.

दोन शेजारी राज्ये, दोन वाटा

मेहता समितीच्या शिफारशींचा अर्थ प्रत्येक राज्याने आपापल्या परीने लावला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विस्तारलेल्या म्हैसूर राज्याने १९५९ साली ग्रामपंचायती व स्थानिक मंडळांचा कायदा केला. ग्रामपंचायत आणि तालुका विकास मंडळ या निर्वाचित संस्था होत्या. जिल्हा पातळीवर मात्र जिल्हा विकास परिषद होती आणि तिचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे होते. या परिषदेचे स्वरूप मुख्यतः समन्वयाचे व सल्ल्याचे होते. विकास खात्यांचे जिल्हास्तरीय अधिकारी आपापल्या खात्याच्या बंगळुरू येथील वरिष्ठांनाच जबाबदार राहिले.

महाराष्ट्राने वेगळा मार्ग निवडला. वसंतराव नाईक समितीने गटाऐवजी जिल्ह्यावर भर दिला. या समितीच्या शिफारशींनुसार जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ संमत झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेच्या रचनेबाहेर ठेवून तिच्या प्रशासनासाठी मुख्य कार्यकारी अधिकारी हे स्वतंत्र पद निर्माण करण्यात आले. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, ग्रामीण रस्ते आणि लघुसिंचन यांसारखे विषय जिल्हा परिषदेकडे गेले.

जिल्हा हाच नियोजनाचा व प्रशासनाचा सक्षम घटक मानावा आणि तेथे निर्वाचित संस्थेला खरी सत्ता द्यावी, हा विचार महाराष्ट्र व गुजरातमध्ये रुजला. म्हैसूरला तो स्वीकारण्यास आणखी दोन दशके लागली.

गटविकासाकडून लाभार्थीकडे

१९६० च्या दशकात अन्नधान्याच्या टंचाईमुळे धोरणाचा भर कृषी उत्पादनावर गेला. निवडक जिल्ह्यांसाठीचा सघन कृषी जिल्हा कार्यक्रम आणि त्यानंतरची हरितक्रांती यांमुळे उत्पादन वाढले. मात्र सिंचन व भांडवल उपलब्ध असलेल्या शेतकऱ्यांनाच तिचा अधिक लाभ झाला. त्यामुळे १९७० च्या दशकात लहान व सीमांत शेतकरी, शेतमजूर आणि अवर्षणप्रवण क्षेत्रे यांच्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आल्या. पाचव्या पंचवार्षिक योजनेत किमान गरजा कार्यक्रमाचा समावेश झाला.

१९७८–७९ मध्ये एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम सुरू झाला आणि २ ऑक्टोबर १९८० पासून तो देशातील सर्व विकास गटांना लागू झाला. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला उत्पादक साधन मिळवून देण्यासाठी अनुदान व बँक कर्ज यांची सांगड घालणे, हा त्याचा गाभा होता. लहान शेतकऱ्यांना २५ टक्के, सीमांत शेतकरी व मजुरांना एक तृतीयांश आणि आदिवासी लाभार्थींना ५० टक्के अनुदान मिळत असे. लाभार्थींची चुकीची निवड, चारा वा बाजारपेठ यांचा विचार न करता झालेले दुभत्या जनावरांचे वाटप आणि थकलेली कर्जे हे या कार्यक्रमातील प्रमुख दोष होते. लाभार्थी कोण, याचा निर्णय बहुधा कार्यालयात होत असे. गावातील कोणते कुटुंब खरोखर गरजू आहे, हे गावाला ठाऊक असूनही गावाचे मत निर्णायक नव्हते.

याच काळात दोन राज्यांनी अधिकारावर आधारलेले उपाय योजले. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकारातून रोजगार हमी योजना राबविली आणि १९७७ च्या कायद्याने तिला वैधानिक आधार दिला. हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कर्नाटकात मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या काळात १९७४ साली जमीन सुधारणा कायद्यात आमूलाग्र दुरुस्ती झाली. कुळांना मालकी हक्क देण्याचे दावे तालुका पातळीवरील भूमी न्यायाधिकरणांकडे सोपविण्यात आले आणि त्यांत बिगरशासकीय सदस्यांनाही स्थान मिळाले. कुळाचा जमीनमालक झालेला शेतकरी पुढे स्थानिक राजकारणातही अधिक मोकळेपणाने उतरू शकला. त्यामुळे १९८० च्या दशकातील विकेंद्रीकरणाचा विचार करताना ही पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते.

१९८३ चा कायदा : विचार आणि रचना

पंचायत राज्याला आलेली मरगळ दूर करण्यासाठी केंद्रातील जनता सरकारने डिसेंबर १९७७ मध्ये अशोक मेहता समिती नेमली. ऑगस्ट १९७८ मध्ये सादर झालेल्या अहवालात १३२ शिफारशी होत्या. जिल्हा परिषद आणि १५ ते २० हजार लोकसंख्येची मंडल पंचायत अशी द्विस्तरीय रचना समितीने सुचविली. राजकीय पक्षांनी पंचायत निवडणुकांत उघडपणे भाग घ्यावा, अशीही शिफारस होती. अहवाल आल्यानंतर अल्पावधीतच केंद्रातील सरकार गेले आणि राष्ट्रीय पातळीवर हा विषय मागे पडला.

कर्नाटकात १९८३ साली रामकृष्ण हेगडे यांच्या नेतृत्वाखाली जनता पक्षाचे सरकार आले. ग्रामविकास व पंचायत राज्य मंत्री अब्दुल नझीर साब यांनी मेहता समितीच्या शिफारशींना कायद्याचे रूप देण्याचे काम हाती घेतले. विधिमंडळाने १९८३ साली विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळून १९८५ मध्ये ते अमलात आले आणि जानेवारी १९८७ मध्ये निवडणुका झाल्या.

या कायद्याची ठळक वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे होती.

पहिले वैशिष्ट्य म्हणजे जिल्हा परिषद आणि मंडल पंचायत या दोन थेट निर्वाचित संस्था. मंडल सुमारे दहा हजार लोकसंख्येचे होते. तालुका पातळीवरील पंचायत समितीचे स्वरूप सल्लागाराचे होते आणि तिचे अध्यक्षपद स्थानिक आमदाराकडे होते.

दुसरे वैशिष्ट्य प्रशासकीय होते. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा देण्यात आला. परिषदेचा मुख्य सचिव हा जिल्हाधिकाऱ्यापेक्षा सेवाज्येष्ठ असे. शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन व ग्रामीण पाणीपुरवठा या खात्यांचे जिल्ह्यातील कर्मचारी जिल्हा परिषदेच्या नियंत्रणाखाली आले. जिल्ह्याच्या विकासाचे प्रमुखपद प्रथमच लोकप्रतिनिधीकडे आले.

तिसरे वैशिष्ट्य आर्थिक होते. राज्याच्या अर्थसंकल्पात राज्य क्षेत्र व जिल्हा क्षेत्र अशी विभागणी करण्यात आली. जिल्हा क्षेत्राचा निधी कोणत्या जिल्हा परिषदेला किती मिळणार, हे आधीच स्पष्ट होऊ लागले.

चौथे वैशिष्ट्य सामाजिक होते. महिलांसाठी २५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी किमान १८ टक्के जागा राखीव ठेवण्यात आल्या. त्यापूर्वी अनेक राज्यांत एक-दोन महिलांना सदस्य म्हणून नामनिर्देशित करण्याची प्रथा होती. हजारो महिला थेट मतदानाने निवडून येण्याची तरतूद त्या काळाच्या मानाने फार पुढची होती.

पाचवे वैशिष्ट्य ग्रामसभेचे होते. गावातील सर्व मतदारांची सभा वर्षातून किमान दोनदा घेणे कायद्याने आवश्यक ठरले.

पाच वर्षांचा अनुभव

अब्दुल नझीर साब यांचे नाव ग्रामीण कर्नाटकात कूपनलिका व पिण्याच्या पाण्याच्या कार्यक्रमाशी जोडले गेले होते. अवर्षणाच्या वर्षांत गावोगावी पाणी पोहोचविल्यामुळे लोक त्यांना नीर साब म्हणू लागले. पाण्याच्या या उदाहरणातूनच विकेंद्रीकरणाचा व्यावहारिक अर्थ समजतो. हातपंप बिघडल्यास पूर्वी तालुक्याच्या अभियंत्याकडे अर्ज जात असे आणि तो अभियंता राजधानीतील आपल्या खात्याला उत्तरदायी असे. नव्या रचनेत हाच अभियंता जिल्हा परिषदेच्या अधिपत्याखाली आला. मंडल प्रधान शेजारच्याच गावात राहत असल्याने तक्रारीचा पाठपुरावा सुलभ झाला. नझीर साब यांचे १९८८ साली निधन झाले. म्हैसूर येथील राज्य ग्रामीण विकास संस्थेला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

या प्रयोगाचे परीक्षण त्याच काळात सुरू झाले. डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९७२ साली बंगळुरू येथे स्थापन केलेल्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेने विकेंद्रीकरणाच्या अभ्यासात मोठी भर घातली. के. एस. कृष्णस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८९ मध्ये मूल्यमापन अहवाल सादर केला. रिचर्ड क्रूक व जेम्स मॅनर या अभ्यासकांनी कर्नाटक, बांगलादेश, घाना आणि आयव्हरी कोस्ट यांचा तौलनिक अभ्यास करून १९९८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कर्नाटकाची कामगिरी सर्वांत सरस ठरली. गावातील अडचणींची माहिती शासनाकडे लवकर पोहोचू लागली होती आणि शाळांतील शिक्षकांची उपस्थिती सुधारली होती. त्याच वेळी गरिबांच्या पदरात विशेष लाभ पडला नाही, हेही त्यांनी नोंदविले. सत्ता जवळ आली म्हणजे ती आपोआप दुर्बलांच्या हाती येते असे नाही, हा या अभ्यासातून मिळणारा महत्त्वाचा धडा होय.

या रचनेतील सर्वांत मोठा कमकुवतपणा राजकीय होता. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला मिळालेल्या दर्जामुळे आमदारांना आपले महत्त्व घटल्याची भावना होती. खातेप्रमुखांनाही आपले कर्मचारी व निधी हातातून जाणे रुचणारे नव्हते. १९८९ च्या अखेरीस राज्यात सत्तांतर झाले. १९९२ मध्ये मंडल पंचायतींची व जिल्हा परिषदांची मुदत संपली, तेव्हा नव्या निवडणुका न होता प्रशासक नेमण्यात आले. देशभर आदर्श म्हणून गौरविलेली व्यवस्था केवळ राज्याच्या कायद्यावर उभी होती. तो कायदा अमलात ठेवणे किंवा न ठेवणे राज्य शासनाच्या इच्छेवर अवलंबून होते.

राजधानीतील दोन समांतर प्रयोग

विधानसौधाबाहेरही बंगळुरूत ग्रामीण विकासाचे प्रयोग सुरू होते. भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ साली अस्त्र नावाचा उपक्रम सुरू झाला. ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञानाचा उपयोग करणे हे त्याचे उद्दिष्ट होते. तुमकूर जिल्ह्यातील पुरा या गावात अस्त्रने सामुदायिक बायोगॅस संयंत्र उभारले. प्रारंभी स्वयंपाकासाठी गॅस पुरविण्याचा विचार होता. त्यासाठी पुरेसे शेण उपलब्ध नसल्याने तो यशस्वी झाला नाही. त्यानंतर १९८७ पासून त्याच गॅसवर जनित्र चालवून कूपनलिकेचे पाणी नळाने देण्यास आणि घरांना दिवे पुरविण्यास सुरुवात झाली. शेण आणून देणाऱ्या कुटुंबांना वजनानुसार मोबदला मिळे आणि खत म्हणून रबडी परत मिळे. गावाची निकडीची गरज पाण्याची होती. ती ओळखल्यानंतरच तंत्रज्ञान गावाला आपलेसे वाटले.

दुसरा प्रयोग बचत गटांचा होय. १९६८ साली स्थापन झालेल्या बंगळुरूच्या मायराडा या संस्थेने १९८० च्या दशकाच्या मध्यास लहान, परस्परविश्वासावर आधारलेल्या गटांसोबत काम सुरू केले. मोठ्या सहकारी संस्थांपासून वेगळ्या झालेल्या सदस्यांचे हे गट आपल्या बचतीचे व कर्जाचे नियम स्वतः ठरवीत. १९८७ मध्ये नाबार्डने या कामासाठी मायराडाला दहा लाख रुपयांचे साहाय्य दिले. पुढे १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प नाबार्डने हाती घेतला. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात एकेका कुटुंबाला वरून निवडून कर्ज दिले जाई. बचत गटात कर्ज कोणाला द्यावे, हे सदस्यच ठरवीत. १ एप्रिल १९९९ पासून सुरू झालेल्या स्वर्णजयंती ग्रामस्वरोजगार योजनेने आणि २०११ च्या राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानाने गटाचाच मार्ग स्वीकारला.

७३ वी घटनादुरुस्ती आणि १९९३ चा कायदा

राष्ट्रीय पातळीवर १९८५ च्या जी. व्ही. के. राव समितीने विकासाची प्रक्रिया नोकरशाहीच्या हाती गेल्याने पंचायत संस्था दुर्बल झाल्याचे दाखवून दिले. १९८६ च्या एल. एम. सिंघवी समितीने पंचायत संस्थांना घटनात्मक मान्यता देण्याची शिफारस केली. १९८९ साली राजीव गांधी सरकारने मांडलेले ६४ वे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत संमत होऊ शकले नाही. अखेर डिसेंबर १९९२ मध्ये संसदेने ७३ वी घटनादुरुस्ती संमत केली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती अमलात आली.

कर्नाटकात १९९२ साली जे घडले, त्याच्या पार्श्वभूमीवर या दुरुस्तीतील तरतुदी वाचल्यास त्यांचे महत्त्व सहज लक्षात येते. कलम २४३ ई नुसार पंचायतीची मुदत पाच वर्षे असून मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करणे बंधनकारक आहे; मुदतीपूर्वी विसर्जन झाल्यास सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. कलम २४३ के नुसार निवडणुकांची जबाबदारी राज्य निवडणूक आयोगाकडे, तर कलम २४३ आय नुसार निधीवाटपाच्या शिफारशींची जबाबदारी राज्य वित्त आयोगाकडे सोपविण्यात आली. कलम २४३ डी ने महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव केल्या. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय नमूद करण्यात आले.

घटनादुरुस्तीला अनुसरून कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांत कर्नाटक होते. कर्नाटक पंचायत राज अधिनियम, १९९३ हा १० मे १९९३ पासून अमलात आला. मंडल पंचायतीची जागा पाच ते सात हजार लोकसंख्येच्या ग्रामपंचायतीने घेतली. तालुका पंचायत थेट निर्वाचित झाली आणि जिल्हा पातळीवर जिल्हा पंचायत आली. डिसेंबर १९९३ मध्ये ग्रामपंचायतींच्या, तर १९९५ मध्ये तालुका व जिल्हा पंचायतींच्या निवडणुका झाल्या. संस्थांचे अस्तित्व सुरक्षित झाले. पण जिल्हा स्तरावरील नेतृत्वाला १९८७ साली मिळालेले वजन पुन्हा लाभले नाही. जिल्हा व तालुका पंचायतींच्या अध्यक्षांची मुदत दीर्घकाळ केवळ २० महिन्यांची होती. एवढ्या अल्प काळात कामाची ओळख होते न होते तोच पद सोडावे लागे. २०१० पासून महिलांचे आरक्षण ५० टक्के करण्यात आले. २०१५ च्या व्यापक दुरुस्तीने कायद्याच्या नावात ग्रामस्वराज हा शब्द समाविष्ट झाला.

अपुरे राहिलेले काम

घटनादुरुस्तीनंतरही दोन प्रश्न शिल्लक राहिले. पहिला प्रश्न अधिकारांचा आहे. कलम २४३ जी नुसार पंचायतींना स्वराज्य संस्था म्हणून काम करण्यासाठी आवश्यक अधिकार देण्याचा विषय राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर सोपविण्यात आला. निवडणूक सक्तीची झाली, अधिकारांचे हस्तांतरण मात्र ऐच्छिक राहिले. शिक्षण वा आरोग्य हे विषय कागदोपत्री पंचायतीकडे असले, तरी निधी विशिष्ट योजनेला बांधलेला असेल आणि कर्मचाऱ्यांवर खात्याचे नियंत्रण असेल, तर पंचायत केवळ अंमलबजावणी करणारी संस्था उरते. कार्य, निधी व कर्मचारी या तिन्हींचे हस्तांतरण एकत्र होणे म्हणूनच आवश्यक मानले जाते. १९८७ च्या कर्नाटकात हे तिन्ही घटक बऱ्याच प्रमाणात एकत्र आले होते, हे त्या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

दुसरा प्रश्न निवडणुकांचा आहे. मुदत घटनेने निश्चित केली असली, तरी मतदारसंघांची पुनर्रचना व आरक्षणाविषयीचे वाद यांमुळे निवडणुका लांबतात. कर्नाटकातील तालुका व जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ च्या मध्यास संपली आणि त्यानंतरची चार वर्षे त्यांचा कारभार प्रशासकांकडे राहिला. महाराष्ट्रातही २०२२ मध्ये मुदत संपलेल्या अनेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. विकेंद्रीकरणात अग्रेसर मानल्या गेलेल्या या दोन राज्यांत १९९२ सारखी परिस्थिती पुन्हा उद्भवावी, ही बाब चिंताजनक आहे. या काळात रस्ते झाले, वेतन निघाले, योजनाही चालू राहिल्या. मात्र जिल्ह्याच्या गरजांचा प्राधान्यक्रम ठरविणारा आणि त्याबद्दल मतदारांना उत्तर देणारा प्रतिनिधी नव्हता.

रोजगाराच्या क्षेत्रातही हाच विचार लागू होतो. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने महाराष्ट्राच्या योजनेतील मागणीनुसार काम हे तत्त्व देशपातळीवर नेले. २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत अंमलबजावणी सुरू झाली. कामांच्या नियोजनात ग्रामपंचायतीला प्रमुख स्थान आणि सामाजिक अंकेक्षणात ग्रामसभेला भूमिका देण्यात आली. ही तरतूद जेथे ग्रामसभा नियमित भरत होती तेथे अधिक परिणामकारक ठरली, हे स्वाभाविकच होते.

समारोप

भारतातील ग्रामीण विकास धोरणाचा प्रवास साधारणपणे सामुदायिक विकास, उत्पादनवाढ, लाभार्थीकेंद्री कार्यक्रम आणि अधिकाराधिष्ठित कायदे अशा टप्प्यांत मांडला जातो. कर्नाटकाच्या अनुभवाने या मांडणीत एका महत्त्वाच्या परिमाणाची भर घातली आहे. १९५९ च्या कायद्यात जिल्ह्याची सूत्रे अधिकाऱ्याकडे होती. १९८३ च्या कायद्याने ती लोकप्रतिनिधीकडे दिली, पण त्या व्यवस्थेला स्थैर्य नव्हते. १९९३ च्या कायद्याला घटनेचे स्थैर्य मिळाले, पण अधिकार अपुरे राहिले. अधिकार आणि स्थैर्य या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पंचायतींना मिळणे, हे काम अद्याप बाकी आहे.

पुरा गावाने पाण्याची गरज सांगितली तेव्हा संयंत्राचा उपयोग बदलला, बचत गटांनी नियम ठरविले तेव्हा कर्ज योग्य हाती गेले आणि अभियंता जिल्हा परिषदेला उत्तरदायी झाला तेव्हा हातपंपाची दुरुस्ती सुलभ झाली. योजना कोणतीही असो, तिच्या यशापयशाचा विचार करताना निधी किती होता यासोबतच निर्णय कोणी घेतला आणि त्याने कोणाला उत्तर दिले, हेही तपासणे आवश्यक आहे.